आत्याचा मान

नुकुआलोफा, १४ जानेवारी १९९१

लेसिएली,

हे पत्र नीट वाच आणि मग हेनेलेला दे. माझा भाऊ पत्रं वाचतो आणि विसरतो, म्हणून तुझ्या नावाने लिहिते आहे.

बातमी अशी, की बालविकासाच्या अभ्यासक्रमाला माझी निवड झाली. चर्चच्या बालवाडीत इतकी वर्षं मी शेंबडी नाकं पुसली, आणि माझ्या डोक्यावर माझ्या निम्म्या वयाची पोरगी बसवली, का तर तिच्याकडे प्रमाणपत्र होतं. आता माझ्याकडेही असेल. देवाने मनात आणलं तर मी मुलांना नाही, मुलांना शिकवणाऱ्या बायकांना शिकवायला उभी राहीन. हेनेलेला शिकता यावं म्हणून मला लहानपणीच शाळेतून काढून चटया विणायला बसवलं होतं. तो शिकला आणि बेटावर परत येऊन मासे धरतो. असो, त्यात त्याचा दोष नाही.

अलिसी आता रांगत असेल. बोटीवरून येणारी माणसं सांगतात, की पोर तुला क्षणभर सोडत नाही, तू अंगणात गेलीस तरी घर डोक्यावर घेते. ऐकून बरं वाटलं. तिचं नाव मीच ठेवलं, तेव्हा तिच्यावर माझा जीव आहे हे काही तुला सांगायला नको.

इथे राजधानीत माझं घर फार रिकामं आहे. संध्याकाळी भांडं पडलं तरी दचकायला होतं. ईस्टरच्या बोटीने मी येते आणि अलिसीला माझ्याकडे घेऊन जाते. तिचे कपडे देऊ नकोस, मी इथे नवे शिवले आहेत.

मेलेनाइते


हाआनो, २० एप्रिल १९९१

वन्सं,

तुम्ही पोहोचलात, बोट लागली नाही, पोर उलटली नाही, हे कळलं. बरं झालं.

धक्क्यावर सगळे माझी वाहवा करत होते. म्हणाले, लेसिएलीने काय हसत दिली पोर! न हसून काय करणार होते? नवऱ्याच्या बहिणीने मागितलं आणि वहिनीने नाही म्हटलं, असं आपल्या बेटावर कधी घडलंय का? माझ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, घर पेटवून दे म्हणाल्या तरी काडी शोधावी लागेल. हेनेले तर तुमच्यापुढे मान वर करत नाहीत. तुम्ही गेलात आणि ते जे होडी घेऊन निघाले, ते दुसऱ्या दिवशी परतले, एकही मासा न आणता.

मला दूध अजून येतं. कोबीची पानं बांधून बसते. ते तुम्हाला सांगून उपयोग नाही, पण दुसरं कोणाला सांगू?

अलिसीचं एक सांगायचं राहिलं. तिला झोप येताना कोणाचा तरी कान धरायला लागतो. कानाची पाळी चोळत चोळत झोपते. तुमच्या कानात डूल असतात, ते तिला झोपवताना काढून ठेवत जा, नाहीतर ओढेल.

माझं एवढंच मागणं आहे. मे महिन्यात मुलांच्या रविवारी सगळी पोरं नवे कपडे घालून चर्चमध्ये वचनं म्हणतात, तेव्हा दर वर्षी तिला आणा. घर रिकामं असलं की काय होतं, ते मला आता तुमच्याइतकंच कळतं. तेव्हा तुम्हीही माझं समजून घ्याल.

लेसिएली


नुकुआलोफा, ३ नोव्हेंबर १९९१

लेसिएली,

मे महिन्यात अलिसीला आणलं नाही म्हणून तू रुसलीस असं कळलं. एवढ्यात तुझी भेट झाली असती तर बसलेली घडी विस्कटली असती. पुढच्या मे महिन्याचंही आत्ताच काही कबूल करत नाही.

पोर उत्तम आहे. पहिले काही आठवडे दाराकडे बघून रडायची. मी लगेच उचलत नसे. आधी किती वेळ रडते ते बघायचं, मग काय करून थांबते ते बघायचं. आता दाराकडे बघत नाही. कान धरायची सवय मोडली. त्यासाठी डूल काढावे लागले नाहीत, झोपताना तिला एकटं ठेवलं की पुरलं. आता स्वतःचाच कान धरून झोपते. हे फार महत्त्वाचं आहे, पण तुला ते कळणार नाही.

आणि वहिनीने नाही म्हणण्याच्या गोष्टी तू सांगू नकोस. तू तुझ्या भावाच्या घरून गाभण डुकरीण हाकत आणलीस, तेव्हा त्याच्या बायकोला विचारलं होतंस का? तूही कोणाची तरी आत्याच आहेस.

माझा अभ्यास जोरात चालू आहे. न्यूझीलंडहून आलेल्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, मेलेनाइतेसारखी बघायची नजर लाखात एखादीला असते. मी घरी येऊन अलिसीला ते सांगितलं. ती हसली. तिला आता दाढा यायला लागल्या आहेत.

मेलेनाइते


हाआनो, ९ जून १९९२

वन्सं,

आमच्या पाद्रीबाई तुमच्याकडे बालवाडीच्या शिबिराला आल्या होत्या. त्यांना वाटलं, मला खूश करावं. म्हणून आल्या आल्या माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, तुझी अलिसी बघितली, काय गोड दिसते! मी त्यांना अळूच्या पानातलं मटण वाढलं, नारळ फोडून दिला, म्हटलं सगळं सांगा.

त्यांनी सगळं सांगितलं. खोलीच्या मधोमध चटईवर अलिसीला बसवलंत. भोवती खुर्च्यांवर बायका. तुम्ही तिच्याशी थोडं खेळलात आणि एकदम उठून दाराबाहेर गेलात. अलिसी रडायला लागली. कोणी उचलायचं नाही, हाक मारायची नाही, असं तुम्ही सगळ्यांना आधीच बजावलं होतं. ती दारापाशी पळत गेली आणि दार बडवायला लागली. बायका बघत होत्या. मग दमली आणि गप्प बसली. मग तुम्ही आत आलात आणि बायकांना म्हणालात, हे गप्प बसणं नीट बघा. पाद्रीबाई म्हणाल्या, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, तुम्ही वाजवल्यात का? त्या म्हणाल्या, सगळ्याच वाजवत होत्या, लेसिएली.

आणि त्या असंही म्हणाल्या, की हे तुम्ही दर शिबिरात करता. अलिसी खोलीत शिरते तेव्हाच रडायला लागते, म्हणून आता दर वेळी खोली बदलता.

तुम्ही मला लिहिलं होतंत, घर रिकामं आहे. मी मूर्ख, मला तुमची कीव आली होती. घर रिकामं नव्हतंच. तुम्हाला परीक्षेसाठी पोर हवी होती. मग जन्मल्या जन्मल्या का नाही नेलीत? मला ओळखायला लागेपर्यंत, मी अंगणात गेले तरी रडायला लागेपर्यंत का थांबलात?

माझी पोर परत द्या. आजवर तुमच्यासमोर असं कोणी बोललं नसेल. मी बोलते.

लेसिएली


नुकुआलोफा, २ जुलै १९९२

लेसिएली,

तुझं पत्र मी हेनेलेला दाखवायला परत पाठवणार होते. मग तुझी दया आली.

विचारलंस म्हणून सांगते. तुला ओळखायला लागायच्या आधी नेली असती, तर आई तुटल्याचं तिला कळलंच नसतं. मग मी बघायचं काय? परदेशी पुस्तकांत परदेशी मुलं असतात, स्वतंत्र खोलीत झोपणारी, एकाच आईची. आपल्या बेटांवर मूल आजीकडे, मावशीकडे, आत्याकडे वाढतं. त्याला पुष्कळ आया असतात, त्यामुळे एक सुटली तर दुसरी धरतं आणि दुःख टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे. हे आपले म्हातारे शंभर वर्षं बोलत आले, पण डोळ्यांनी बघून कोणी मांडलं नव्हतं. मी मांडते आहे. उद्या या देशातली प्रत्येक बालवाडीची बाई हे शिकेल. तुझ्या मुलीमुळे शिकेल. तुला याचा अभिमान वाटायला हवा. तू मात्र मी तुझी डुकरीण पळवल्यासारखं बोलतेस!

परत द्यायचं म्हणशील, तर मी देणारच आहे. माझ्या अभ्यासाचा अर्धा भाग तोच आहे. अलिसी साडेतीन वर्षांची झाली की मी तिला तुझ्याकडे आणून सोडीन, आणि ती तुझ्याकडे कशी रमते ते तू मला सविस्तर कळवायचं. लपवायचं नाही. खाणंपिणं टाकलं, बोलेनाशी झाली, रमली नाही, तर मी पहिल्या बोटीने येऊन तिला कायमची घेऊन जाईन. मूल जिथे रमतं तिथेच त्याने राहावं, हे तर तूही मान्य करशील.

तोवर असली पत्रं लिहू नकोस.

मेलेनाइते


हाआनो, २७ फेब्रुवारी १९९४

वन्सं,

तुम्ही सांगितलंत तसं सगळं कळवते.

तुमची बोट लांब गेली तशी अलिसी थोडी कुरकुरली. मग मी तिला भाजलेलं रताळं दिलं, ते खाल्लं. पहिले काही दिवस जरा बुजली होती. मग भावंडांबरोबर समुद्रावर जायला लागली, शिंपले गोळा करून आणते. भरपूर खाते. रात्री माझ्या कुशीत झोपते. दुसऱ्या आठवड्यापासून मला आई म्हणायला लागली. दिवसभर तोंडाची टकळी चालू असते, हेनेले म्हणतात, हिला जरा गप्प कर.

अगदी तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. एक सुटली, तिने दुसरी धरली. तुमचं शिक्षण खरं ठरलं, मला आनंद आहे.

आता तिला न्यायला यायचं काही कारण उरलं नाही.

लेसिएली


नुकुआलोफा, १८ एप्रिल १९९४

प्रिय लेसिएली,

तुझं पत्र मी जसंच्या तसं परिषदेत वाचून दाखवलं. फिजी, सामोआ, कुठून कुठून माणसं आली होती. वाचून झाल्यावर सगळे उभे राहिले. माझा अहवाल छापून आला आहे. मी आता प्रशिक्षण केंद्रात बालविकासाची कायम प्रशिक्षिका झाले. ज्या पोरीला माझ्या डोक्यावर बसवलं होतं, ती आता माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसते आणि मी बोलते ते लिहून घेते.

आपण एकमेकींना बरंच टोचून बोललो. ते मी विसरले, तूही विसर.

अलिसीसाठी दोन फ्रॉक पाठवते आहे. निळा मोठा वाटेल, पण ती उंच होते आहे. तिला अंडं पातळ आवडत नाही, पूर्ण उकडून देत जा. मी सकाळी अजून चुकून दोन अंडी उकडते. मग एक शेजारणीला देते.

एक विचारायचं आहे. अभ्यासासाठी नाही, असंच. ती माझी आठवण काढते का? नाव घेते का? एखादे वेळी, पाऊसबिऊस पडताना? तिला विजांची भीती वाटते, तेव्हा ती माझ्याकडे पळत यायची.

मेलेनाइते


हाआनो, ८ मे १९९४

वन्सं,

फ्रॉक मिळाले. निळा घालून अलिसीने आज मुलांच्या रविवारी चर्चमध्ये वचन म्हटलं. एकदाही अडखळली नाही. माझ्या आईने तिच्या अंगावर झाडाच्या सालीचं मानाचं कापड पांघरलं, सगळ्या बायका रडल्या.

आठवणीचं म्हणाल, तर नाही काढत. एकदाही नाही. मलाच वाईट वाटलं, म्हणून तुमचा केंद्राच्या पायरीवरचा फोटो तिला दाखवला. म्हटलं, ही कोण, ओळख बघू. तिने खूप निरखून बघितलं आणि विचारलं, ही जाडी बाई कोण? पोरं इतकी हसली! आता घरात कोणीही जरा फुगून बसलं की तिला जाडी बाई म्हणतात.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पुष्कळ आया असल्या की त्यातली एखादी विसरली जायचीच. हेच तर शिकवता ना तुम्ही?

विजांना ती आता भीत नाही. अंडी उकडायची असतील तर एकच उकडत जा.

लेसिएली


हाआनो, २९ मे १९९४

ताई,

भावाने बहिणीला घरातलं असलं काही लिहू नये, हे मला माहीत आहे. आजवर मी तुझ्यासमोर मोठ्याने हसलोही नाही. पण आता लिहितो. लेसिएलीला हे माहीत नाही. तिने तुला काय लिहिलं, ते मला काल तिच्याकडूनच कळलं. बोलता बोलता ती हसली आणि मग तिला हसू आवरेना. मला तिची भीती वाटली.

ताई, ते सगळं खोटं आहे. अलिसी बोलत नाही. आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. चर्चमध्ये तिला उभी केली, तेव्हा ती नुसती उभी राहिली आणि शेवटी तिच्या मोठ्या बहिणीने वचन म्हटलं. माझ्या हातून दोन घास खाते, लेसिएलीच्या हातून काहीच नाही. आपली बोट यायच्या दिवशी निळा फ्रॉक स्वतः काढून घालते आणि धक्क्यावर जाऊन बसते. सगळी माणसं उतरली, माल उतरला, बोट गेली, तरी बसते. मग मी उचलून आणतो. रडत नाही. रडली असती तर बरं झालं असतं. लेसिएली घरात असली काय, नसली काय, ती वर बघत नाही.

लेसिएली वाईट नाही. पोर परत जाईल या भीतीने ती खोटं लिहिते. पहिल्या महिन्यात तिने खूप केलं, पाठीवर घेतलं, कान पुढे केला. पोरगी हात मागे घेते. आता लेसिएलीही जवळ जात नाही.

तू ये. न्यायची तर ने, मी लेसिएलीला सांभाळीन. नाहीतर नुसती येऊन जा. तूच म्हणाली होतीस, की रमली नाही तर येईन. ती रमली नाही, ताई.

तुझा भाऊ,
हेनेले


नुकुआलोफा, २० जून १९९४

हेनेले,

तुझं पत्र मिळालं. वाचून मी खूप रडले, इतकी मी आपल्या आईच्या मयतीलाही रडले नव्हते. पेटी भरायलाही घेतली होती. मग वर्गाची वेळ झाली. उशीर करता येत नाही, म्हणून गेले.

वर्गात त्या दिवशी अलिसीचाच धडा होता. आपलं मूल आईपासून तुटलं तरी लवकर सावरतं, हा. समोर सगळ्या बेटांवरून आलेल्या बायका. मी तोंड उघडलं आणि मला वाटलं होतं तसं अडखळायला झालं नाही. मी नेहमीसारखी शिकवत गेले.

तुला कळायला हवं म्हणून लिहिते. जे छापलं गेलं आहे त्यावर माझी नेमणूक झाली आहे. पुढच्या वर्षी मला पदवीसाठी न्यूझीलंडला पाठवणार आहेत. मी आता अलिसीला घेऊन आले, तर लोक विचारतील, रमली होती ना? मग मी काय सांगू? माझ्या वहिनीने मला फसवलं? आणि एवढी नजर असलेल्या मला ते दिसलं नाही? मला पुन्हा नाकं पुसायला बसवतील. एकदा तुझ्यासाठी मी शाळा सोडली. आता कोणासाठी काही सोडणार नाही. तुझं पत्र मी चुलीत घातलं आहे, आणि असं दुसरं लिहू नकोस.

अलिसीचं काय करायचं ते सांगते. मूल वाट बघतं तोवर दुसरं कोणाला धरत नाही. तेव्हा वाट बघणं संपवायला हवं. तिला सांग, आत्या वारली. नुसतं सांगून या वयाच्या मुलाला कळत नाही, दिसावं लागतं. घरचं मोठं माणूस गेलं की आपण मुलींचे केस कापतो, काळे कपडे घालतो, कमरेला जुनी फाटकी चटई गुंडाळतो. ते सगळं तिच्यासाठी कर. तिने इथे शेजारच्या घरी ते पाहिलं आहे, तिला कळेल. आत्या आता बोटीने येणार नाही, हे एकदा कळलं की ती लेसिएलीकडे जाईल. याबद्दल मला खात्री आहे.

आत्याचा शब्द आहे, मोडू नकोस.

मेलेनाइते


हाआनो, १७ जुलै १९९४

वन्सं,

हेनेलेंनी तुमचं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि होडी घेऊन गेले. त्यांच्याच्याने ते होणार नव्हतं. आत्याचा शब्द मोडत नाहीत म्हणून मी केलं.

केस का कापले म्हणून गावाला सांगितलं, उवा झाल्या होत्या. तिला सांगितलं, तुझी आत्या वारली. घरातच, दार लावून, काळा फ्रॉक घातला. माझ्या सासूबाईंच्या वेळची चटई बांधली, ती तिच्या घोट्यापर्यंत आली. केस कापायचा मान आत्याचा असतो, पण आत्याच नाही म्हटल्यावर कात्री मी घेतली. तिचे केस तुम्ही छान राखले होते. तिने मान खाली घालून कापू दिले, हलली नाही. एकदा मात्र वळून माझ्या तोंडाकडे बघितलं, खरं सांगतेय की खोटं ते बघायला. मी डोळे मिटले नाहीत. तुम्हाला एकटीलाच बघता येतं असं नाही.

बोट आली तेव्हा ती धक्क्यावर गेली नाही. तुम्ही म्हणालात तसंच झालं, हेही तुमच्या वर्गात सांगा.

आता तुम्ही इथे यायचं नाही. हेनेले उद्या गेले, तरी नाही. भावाच्या मयताला उशाशी बसायचा मान बहिणीचा असतो, पण ती जागा आम्ही रिकामी ठेवू. तुम्ही नुकुआलोफाला मोठ्या व्हा, न्यूझीलंडला जा. माझी पोर मला मिळाली.

परवा पाऊस पडत होता, वीज कडाडली, आणि ती पळत येऊन माझ्या पोटात शिरली. आपण होऊन. मी तिला घट्ट धरलं, तीन वर्षांत मला तिला असं धरता आलं नव्हतं. तिने माझा कान पकडला आणि आल्यापासून पहिल्यांदा बोलली. मला हाक मारली.

आत्या, म्हणाली.

मी ओ दिली.

लेसिएली